चिंधीचे अकरा श्वास

"मांजराला दमा?" असं म्हणून लोक आधी हसतात. मग माझ्या तोंडाकडे बघून हसू आवरतात. माझी सख्खी बहीणसुद्धा हसली होती. मला राग येत नाही, कारण सगळ्यांत आधी मीच हसले होते आणि ते हसणं माझ्या फोनमध्ये आवाजासकट आहे.

गेल्या आठवड्यात दवाखान्याच्या बाकावर एक मुलगी बसली होती. मांडीवर बास्केट, बास्केटमध्ये तिचा बोका, हातात नवाकोरा पंप आणि रडून सुजलेले डोळे. "हे आता आयुष्यभर?" तिने मला विचारलं. "हो. पण जमतं," मी म्हटलं. तेवढ्यात तिला आत बोलावलं. माझं सांगायचं राहून गेलं, ते इथे लिहिते आहे.

कपडेपटातून दहिसरला

मी अंधेरीच्या एका स्टुडिओत मालिकांचा कपडेपट सांभाळते. कुठल्या प्रसंगात कुणी कुठली साडी नेसली, पदर किती होता, बांगड्या किती होत्या, सगळ्याचे फोटो काढून ठेवायचे. पुढचा प्रसंग चार दिवसांनी शूट झाला तरी बाई तशीच दिसली पाहिजे. माझा फोन त्यामुळे साड्यांनीच भरलेला असतो.

तीन वर्षांपूर्वी जुन्या कापडांच्या पेटीत एक पिल्लू सापडलं. हाडं मोजता येतील असं, करड्या रंगाचं. चिंध्यांत सापडलं म्हणून चिंधी. मी तिला टिफिनच्या पिशवीत घालून घरी आणलं. सासूबाईंनी दारातच अडवलं.

"ह्यां काय हाडलंस? आणि चिंधी? चेडवाचा नाव असा कोण ठेवता?"

सासूबाई कुडाळकडच्या. मुंबईत येऊन पन्नास वर्षं होत आली, पण बोलणं अजून तिथलंच; चेडू म्हणजे मुलगी. मी त्यांना आई म्हणते. आई चिंधीला कधीच चिंधी म्हणाल्या नाहीत, त्या तिला 'बाय' म्हणतात. दोन दिवस त्यांनी तिला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले, तर बाय त्यांच्या मांडीवर झोपलेली आणि आई तशाच अवघडून तांदूळ निवडत बसलेल्या. "उठवू नको गो तिका," मला दटावलं. त्या दिवसापासून मांजर त्यांचं झालं. मी फक्त खाणं आणायची मानकरी.

खोकला

वर्षभराने चिंधी खोकायला लागली. जमिनीला पोट टेकून, मान पुढे ताणून, काहीतरी घशात अडकल्यासारखी ती घरघरायची. दहा-पंधरा सेकंदांनी सगळं थांबायचं आणि ती अंग चाटायला लागायची. केसांचा गोळा असेल, असं मी ठरवून टाकलं. दुकानातून त्यावरची पेस्ट आणली, बोटभर तूप चाटवलं. डॉक्टरकडे नेलं नाही.

व्हिडिओ मात्र काढले. सवयच ती. एक व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आमच्या राणीसाहेबांना ठसका'. चौदा जणांनी हसरे चेहरे पाठवले. माझा नवरा महेश त्यातलाच एक. त्या व्हिडिओत मागे जी बाई खिदळते आहे ती मी.

हसल्या नाहीत त्या फक्त आई. त्यांनी तो खोकला दोन-तीनदा नीट बघितला आणि म्हणाल्या, "हिका कोणाची तरी नजर लागली." समोरच्या पाटीलबाई आदल्याच आठवड्यात 'काय गुबगुबीत झालीय हो' म्हणून गेल्या होत्या. मी म्हटलं, "आई, काहीतरीच काय!" आणि कामावर गेले. खोकला खरा आहे, हे घरात एकट्या आईंना कळलं होतं. उपाय त्यांच्याजवळ होता तोच त्यांनी केला.

ती संध्याकाळ

त्या दिवशी पॅकअप लवकर झालं. एरवी मी साडेनऊच्या आत घरात नसते, त्या दिवशी दिवेलागणीला आले. लिफ्टचं दार उघडलं आणि जळक्या मिरच्यांचा खाट नाकात गेला.

ज्यांच्या घरी दृष्ट काढत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन ज्याला नजर लागली त्याच्यावरून उतरवायच्या आणि विस्तवावर टाकायच्या. मिरची जळूनही ठसका लागला नाही, तर नजर जबर होती असं समजतात. माझ्या लहानपणी आमच्याकडेही व्हायचं हे. आता आम्ही राहतो ती इमारत पूर्वी बैठी चाळ होती. आईंचा संसार त्या चाळीत झाला. तिथे दारं दिवसभर सताड उघडी, धूर आला तसा निघून जायचा. आता त्याच जागेवर आम्ही अकराव्या मजल्यावर आहोत. पाटीलबाईंना खोकला लागू नये म्हणून आईंनी समजूतदारपणे सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. दारही लावलं होतं.

मी दार उघडलं तर माझेच डोळे चुरचुरले. आई तव्यासमोर उभ्या, डोळ्यांतून पाणी. "ठसको लागलो, म्हणजे नजर गेली," त्या खुशीत म्हणाल्या. चिंधी पलंगाखाली होती. तोंड उघडं, पोट भात्यासारखं वरखाली आणि जीभ जांभळट. मी तिला ओढून काढलं तर ओरबाडण्याचीसुद्धा ताकद तिच्यात नव्हती. टॉवेलात तिला गुंडाळून दाराबाहेर पडताना मी वळून म्हणाले, "तुम्ही मारलंत तिला."

आईंच्या मुठीत उरलेलं मीठ-मोहरी अजून तसंच होतं.

रिक्षा

बोरिवलीचा प्राण्यांचा दवाखाना वीस मिनिटांवर. रिक्षावाल्याने आरशातून टॉवेलाकडे बघितलं आणि "काय झालं?" विचारलं. "श्वास घेता येत नाहीये. धूर लागला," मी म्हटलं. त्याच्या समोर गणपतीच्या फोटोपुढे उदबत्ती लावलेली होती. त्याने ती एका हाताने उपटली, चिमटीत विझवली आणि बाहेर टाकली. मग गणपतीला नमस्कार केला, बहुतेक माफी मागितली असेल, आणि रिक्षा हाणली. त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. त्याची बोटं भाजली असणार.

दवाखान्यात तिला माझ्या हातातून घेतलं, इंजेक्शन दिलं आणि काचेच्या एका पेटीत ठेवलं. पेटीत ऑक्सिजनची नळी. मी काचेला कपाळ लावून उभी राहिले. अर्ध्या तासाने तिने तोंड मिटलं. मांजराने तोंड मिटलं म्हणून मी त्या दिवशी रडले.

निदान

दुसऱ्या दिवशी एक्स-रे झाल्यावर डॉक्टरबाईंनी मला बसवलं. चाळिशीच्या असतील, बोलणं शांत.

"हा दमा आहे."

"मांजराला?" मी विचारलं. हसले नाही एवढंच.

घरात काय काय असतं ते त्यांनी विचारलं. धूप, उदबत्ती, पावडर, वासाचं फिनेल, तिच्या शौचाच्या भांड्यातली बारीक माती. मी हो, हो, हो म्हणत गेले. मग मिरच्यांचं सांगितलं. सासूबाईंचं नाव घेऊनच सांगितलं, अगदी तक्रार नोंदवल्यासारखं. त्यांनी विचारलं, "आधी कधी खोकली होती का?" मी फोन काढला. साड्यांच्या अधूनमधून चिंधी खोकत होती. त्यांनी एकेक व्हिडिओ बघितला, माझ्या हसण्यासकट.

"हा दमा निदान आठ महिन्यांपासून आहे," त्या म्हणाल्या. "मिरच्यांनी झाला नाही. त्यांनी फक्त झटका आला. आणि खरं सांगू का, झटका आला नसता तर तुम्ही तिला आणलंच नसतं. फुप्फुसं अजून बरी आहेत, तोवर आलात."

म्हणजे दोष द्यायचाच तर तो माझ्या फोनमध्ये होता. मी मान हलवली, औषधाचा कागद घेतला.

हे मी घरी सांगितलं नाही. आता जे लिहिते आहे ते लिहायला मला सर्वांत जड जातंय. महेशने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "दमा आहे म्हणाले. धूर बंद." आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "जन्मभर रवतलो?" मी म्हटलं, "हो." बस्स, एवढंच. उरलेलं वाक्य मी गिळलं. चूक त्यांची आहे, असं सगळ्यांना वाटत होतं आणि ते मला सोयीचं होतं.

तीन दिवस

चिंधी तीन दिवस दवाखान्यात होती. सकाळी अकरा ते बारा भेटायची वेळ. मी कामावर उशिरा जायचे. बाकावर रोजची माणसं असायची. एक म्हातारे गृहस्थ मूत्रपिंड गेलेल्या बोक्याला सलाईन लावायला आणायचे आणि सलाईन संपेपर्यंत त्याला पेपर वाचून दाखवायचे. मला पहिल्या दिवशी त्यांचं हसू आलं, तिसऱ्या दिवशी मीही काचेपाशी बसून चिंधीला सेटवरच्या चहाड्या सांगत होते.

आई एकदाही आल्या नाहीत. महेश म्हणाला, "चल ना गं, तुझीच बाय आहे ती." त्या म्हणाल्या, "माझा तोंड बघून तिका परत धाप लागात."

घरातली उदबत्ती त्यांनी त्याच दिवशी बंद केली. धुपाटणं घासून, पेपरात बांधून माळ्यावर टाकलं. सासरे गेल्यापासून त्यांच्या फोटोसमोर रोज एक काडी लागायची, तीही बंद. देवापुढे नुसता दिवा आणि फूल. महेशला वाटलं, आई किती सहज बदलली. मला खरं माहीत होतं आणि मी भाजी परतत होते.

अकरा श्वास

चिंधी घरी आली ती पंप घेऊन. माणसांचाच पंप, फक्त त्याला एक लांब नळकांडं आणि टोकाला छोटा मास्क. मास्क तोंडावर धरायचा, पंप दाबायचा आणि दहा श्वास होईस्तोवर धरून ठेवायचा. सकाळ-संध्याकाळ. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या आठवड्यात माझ्या दोन्ही हातांवर इतके ओरखडे होते, की सेटवरच्या मेकअपवाल्याने विचारलं, "कुठल्या प्रसंगाचे?"

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, आधी मास्कची मैत्री करा, मग औषध द्या. मला मैत्रीला वेळ कुठला! सकाळी सातला निघायचं, त्याआधी तिला धरायचं, ती पलंगाखाली, मी पलंगाखाली. दोन श्वास झाले की ती सुटायची. तीन आठवडे असेच गेले. धाप पुन्हा दिसायला लागली. मी हरले होते आणि तसं कबूल करायला माणूस नव्हतं.

एका रविवारी मी आंघोळ करून बाहेर आले. आई खिडकीशी बसल्या होत्या, बाय मांडीवर. आईंच्या हातात मास्क. तो त्यांनी आधी स्वतःच्या गालाला लावला, मग तिच्या गालाला. कडेला चिमूटभर उकडलेला मासा लावलेला. तिने तो चाटला. आई तिच्याशी बोलत होत्या, "बघ, काय एक नाय. माका लागला काय? मगे तुका कसा लागात?" हे किती दिवस चाललं होतं कोण जाणे. आम्ही घरात नसताना रोज, असं नंतर कळलं.

त्या संध्याकाळी पंप त्यांनी दाबला. चष्म्याशिवाय नळकांड्यातली श्वासाबरोबर हलणारी पट्टी त्यांना दिसत नाही, म्हणून आपला तळहात तिच्या बरगड्यांवर ठेवला आणि श्वासाला एकेक करून रामाचं नाव घेतलं. दहा झाले तरी सोडेनात. मी म्हटलं, "आई, झाले." त्यांनी अकरावा घेतला आणि मग सोडलं. "धाचो आकडो कसलो? अकरा बरे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. पुढच्या भेटीत मी भीतभीत डॉक्टरबाईंना विचारलं. "अकरा चालतील," त्या म्हणाल्या, "बारासुद्धा चालतील."

त्यानंतर दोन्ही वेळचं औषध आईंचं. महिन्याभरात खोकला थांबला. चिंधी खिडकीतल्या कबुतरांवर गुरगुरायला लागली, पडद्यावर चढायला लागली. पाटीलबाई मिरचीची फोडणी द्यायच्या आधी बेल वाजवून सांगू लागल्या, "तुमच्या बायला आतल्या खोलीत घ्या हो." मी सुखात होते. पोटात तेवढा एक काटा होता, पण काट्याची सवय होते.

गणपती

आमचा गणपती गावच्या घरी, पाच दिवसांचा. काही झालं तरी सगळ्यांनी जायचं. आई लग्नानंतर एकही वर्ष चुकल्या नाहीत. महेश पोटात होता तेव्हाही गेल्या, सासरे गेले त्या वर्षी सुतक फिटल्यावर गेल्या. चिंधीसाठी मी दवाखान्याच्या ओळखीतून एक बाई शोधली होती, पंप देणारी. बॅगा भरून झाल्या. आदल्या दुपारी आई म्हणाल्या, "मी येवचंय नाय. तुम्ही दोघां जावा."

महेशला गंमतच वाटली. "आई, काय बोलतेस? तुझ्याशिवाय गणपती?"

"माझ्यामुळा त्या मुक्या जीवाक जन्माचा दुखणा लागला," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सरळ होता. "ता परक्याच्या हाती टाकून मी थय आरती करू? देव काय म्हणतलो?"

महेश माझ्याकडे बघायला लागला, तूच समजाव म्हणून. मी हातातली साडी खाली ठेवली. ती घडी घालायला मला बराच वेळ लागत होता.

"आई, तुमच्यामुळे नाही झालं ते," मी म्हटलं. "दमा तिला आधीपासून होता. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. माझ्याच फोनमध्ये दिसत होतं सगळं. उलट तुमच्यामुळे ती वेळेवर पोचली. मी सांगितलं नाही तुम्हाला."

"पयल्या दिवशी?"

"हो."

"त्या दिसाक आठ म्हयने झाले." त्या उठून उभ्या राहिल्या. "आठ म्हयने माझ्यासमोर जेवलंस, निजलंस. मी ह्यांच्या फोटोक काडी लावूक नाय. आणि तू बघीत रवलंस?"

चुकले, एवढंच म्हणाले. इतकं खरं चुकले मी याआधी कधी म्हटलेलं नव्हतं. महेश बाल्कनीत निघून गेला. आई देवासमोर जाऊन बसल्या, खूप वेळ. परत आल्या तेव्हा पदर खोचलेला होता.

"मगे तू रव हय," त्या म्हणाल्या. "तुझा मांजर तू बघ. मी माझ्या गणपतीक जातंय."

आणि गेल्या. जाताना बायच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही.

पाच दिवस

पहिल्या संध्याकाळी चिंधीने मला ओळख दाखवली नाही. मास्क बघितला आणि पलंगाखाली. मी मांडी घातली, मासा लावला, मास्क आईंसारखा गालाला लावला. काही उपयोग झाला नाही. सातच्या सुमारास महेशच्या नंबरावरून फोन आला. आवाज आईंचा. हॅलो नाही, काही नाही.

"दिलंस?"

"नाही. येत नाहीये."

"फोन तिच्याकडे धर."

मी स्पीकर लावून फोन फरशीवर ठेवला. "बाय गो, ये, ये माझ्या पोरी," पलीकडून आलं. मागे टाळ वाजत होते. चिंधीचे कान वळले. ती बाहेर आली, फोन हुंगला आणि माझ्या मांडीशी बसली. मांडीवर नाही, मांडीशी. मी मास्क लावला, पंप दाबला, तळहात तिच्या बरगड्यांवर ठेवला. "सुरू," मी म्हटलं. तिकडून आई नाव घेत गेल्या, इकडे चिंधीचं पोट हलत गेलं. श्वास आणि नाव जुळत नव्हते, तरी आमच्या तिघींपैकी कुणीही घाई केली नाही. अकरा झाल्यावर फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच, संध्याकाळी तसंच. फोन वेळेवर यायचा, माझ्याशी एक शब्द नाही, मोजणी झाली की बंद. तिसऱ्या दिवशी चिंधी मांडीवर आली. चौथ्या दिवशी फोन येण्याआधीच येऊन बसली. मला त्या घरात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं आणि त्या फोनची मी इतकी वाट कधी बघितली नव्हती. कुणी आपल्याशी बोलत नसताना रोज दोनदा फोन करतं, याचे उपकार कसे फेडायचे असतात, मला माहीत नाही.

पाचव्या दिवशी फोन उशिरा आला. विसर्जन नुकतंच झालेलं असावं, पोरांचा गलका होता, कुणीतरी अजून मोरया म्हणत होतं. आईंचा आवाज बसलेला. आम्ही अकरा मोजले. मी मास्क काढला, चिंधीने नाक पुसलं. मी फोन बंद व्हायची वाट बघत राहिले. तो बंद झाला नाही.

"आणि तू?" आई म्हणाल्या. "जेवलंस काय?"

"हो," मी म्हटलं.

"खोटा बोलतंस. पाच दिवस चाय-बिस्किटार काढलंस, माका म्हायत नाय? ऊठ. भात लाव. मी हय फोनार आसंय."

मी उठले आणि भात लावला.